जुना भाडे कायदा रद्द झाला, मग हातातल्या हुकूमनाम्याचं काय?

नागपूरच्या महालातल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. थोडक्यात असं:

"आमचा जुना वाडा आहे. तळमजल्यावरचा रस्त्याकडचा गाळा आणि मागच्या दोन खोल्या बाबांनी फार पूर्वी भाड्याने दिल्या होत्या. घराची गरज म्हणून १९९७ मध्ये रेंट कंट्रोलरची परवानगी मिळाली, १९९८ मध्ये दिवाणी दावा टाकला, २००४ मध्ये ताब्याचा हुकूमनामा (डिक्री) झाला. भाडेकरूचं अपील जिल्हा न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळलं, दुसरं अपील उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१७ मध्ये. बाबांनी २०१८ मध्ये दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) टाकली. २०१९ मध्ये ते गेले. पुढे तारखांना कोणी गेलंच नाही, म्हणून फेब्रुवारी २०२० मध्ये दरखास्त काढून टाकली गेली. मूळ भाडेकरूही आता नाहीत. त्यांचे दोन मुलगे राहतात, गाळ्यात मोबाइल दुरुस्तीवाला बसवलाय, अंगणात टिनाचं शेड टाकलंय. भाडं म्हणून दर महिन्याला यूपीआयने पैसे येतात. धाकटा मुलगा म्हणतो, 'कायदाच गेला, तं हुकूमनामा कायचा? नवीन कायद्याने नव्वद दिवसांची नोटीस द्या, नवीन केस करा.' आम्ही तीन भावंडं. पुण्याचा भाऊ कागदावर सही करायला तयार नाही. आता काय करावं?"

ताई, धाकट्याचं अर्धं बरोबर आहे. कायदा गेला, हे खरं. पण तुमच्या हातात जो कागद आहे, तो त्या कायद्याखाली काढलेला कागद नाही. सगळी गोची इथेच होते.

विदर्भात ३१ मार्च २००० पर्यंत मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश लागू होता. लोक त्याला नुसतं 'सी. पी. अँड बेरार' म्हणतात. त्यात रेंट कंट्रोलर भाडेकरूला बाहेर काढत नसे. क्लॉज १३(३) खाली तो घरमालकाला भाडेपट्टा संपवण्याची नोटीस द्यायची परवानगी फक्त देई. मग मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०६ ची नोटीस, आणि तिची मुदत संपली की साध्या दिवाणी न्यायालयात ताब्याचा दावा. म्हणून तुमच्या फायलीत दोन वेगळे कागद असतील. १९९७ ची परवानगी, तिची अंमलबजावणी कुठेच होत नाही. आणि २००४ चा हुकूमनामा, जो दिवाणी प्रक्रिया संहितेखाली अमलात येतो. ही संहिता कोणी रद्द केलेली नाही.

३१ मार्च २००० ला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला आणि त्याच्या कलम ५८ ने जुना आदेश रद्द केला. धाकट्याच्या वकिलाचा खरा मुद्दा पुढचा असेल: कायदा २००० मध्ये मेला, हुकूमनामा २००४ चा, म्हणजे मेलेल्या कायद्यावर निकाल दिला. त्याचं उत्तर त्याच कलमाच्या पोटकलम (२) मध्ये आहे. नवा कायदा लागू झाला त्या दिवशी जे अर्ज, दावे आणि इतर कामं प्रलंबित होती, ती जुन्या कायद्याप्रमाणेच, जणू तो चालूच आहे असं धरून, निकालात काढायची. अपिलाची तरतूदही तशीच राखून ठेवली आहे. तुमचा दावा १९९८ चा, त्या दिवशी प्रलंबित. नव्वद दिवसांची नोटीस ही नव्या कायद्याच्या कलम १५ मधली, थकीत भाड्यावरून नव्याने दावा लावणाऱ्यासाठी. तुमच्याशी तिचा संबंध नाही. शिवाय हा मुद्दा त्यांना अपिलात घेता आला असता. दरखास्तीचं न्यायालय हुकूमनाम्याच्या मागे जाऊन तो चूक की बरोबर हे तपासत नाही. अधिकारच नसलेल्या न्यायालयाने दिलेला, मुळातच शून्य असलेला हुकूमनामा तेवढा अपवाद.

हे वाचून इतर कोणी उड्या मारू नयेत म्हणून सांगतो: ज्यांच्याकडे फक्त रेंट कंट्रोलरची परवानगी आहे आणि ३१ मार्च २००० पूर्वी दावा लावलाच नाही, त्यांना हे उत्तर लागू होत नाही. त्यांनी नव्या कायद्याच्या कलम १६ खाली लघुवाद न्यायालयात नवा दावा लावण्याचाच विचार करावा.

आता मुदत. ताब्याच्या हुकूमनाम्याची दरखास्त बारा वर्षांत टाकावी लागते, मुदत अधिनियमाचा अनुच्छेद १३६. २००४ पासून मोजलं तर मुदत केव्हाच संपली, आणि धाकटा उद्या हेच म्हणेल. पण अपील गुणदोषांवर फेटाळलं गेलं की खालचा हुकूमनामा वरच्यात विलीन होतो आणि बारा वर्षं शेवटच्या निकालापासून चालू होतात. म्हणजे २०१७ पासून २०२९ पर्यंत.

मात्र २०१७ चा आदेश स्वतः उघडून वाचा. 'फेटाळलं' एवढ्यावर जाऊ नका. अपील उशिरा आलं आणि विलंबमाफीचा अर्जच नामंजूर झाला, किंवा वकील हजर नाही म्हणून ते काढून टाकलं, तर विलीनीकरण होत नाही आणि मोजणी २०११ वर सरकते. तसं असेल तर नुसत्या मोजणीने मुदत २०२३ मध्येच संपलेली दिसेल. मग दुसरी गोष्ट शोधायची: अपील चालू असताना अंमलबजावणीला स्थगिती होती का, किती दिवस? मुदत अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे स्थगितीचा काळ वजा होतो. कोरोनाकाळातली १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ ही मुदत सर्वोच्च न्यायालयाने वगळलेली आहे, तीही मांडता येईल, पण तिच्या भरवशावर बसून राहू नये. स्थगितीच्या प्रत्येक आदेशाची प्रमाणित प्रत काढा, मिळाल्याची आणि उठल्याची तारीख लिहून ठेवा.

जुनी दरखास्त हजर न राहिल्यामुळे गेली, म्हणून हक्क गेला नाही. ती पुन्हा उभी करायला तीस दिवस होते, ते संपले. पण बारा वर्षांच्या आत नवीन दरखास्त टाकायला मनाई नाही. बाबा गेल्यावर वारसांची नावं लागली नाहीत म्हणून काम 'अबेट' झालं, म्हणजे आपोआप संपलं, असं कोणी म्हटलं तर त्यांना संहितेचा आदेश २२ नियम १२ दाखवा. अबेटमेंटचे नियम दरखास्तीला लागत नाहीत.

दरखास्त जिथे हुकूमनामा झाला त्याच दिवाणी न्यायालयात. फायलिंगच्या खिडकीवर 'भाडेकरूचा मामला, लघुवादला न्या' असं सांगून कागद परत येण्याची शक्यता आहे, कारण नवे दावे तिकडेच जातात. तुमच्या वकिलांनी संहितेच्या कलम ३७ आणि ३८ चा उल्लेख अर्जातच करून ठेवावा. सोबत तिन्ही टप्प्यांच्या निकालपत्रांच्या आणि हुकूमनाम्यांच्या प्रमाणित प्रती. निकालपत्र आणि हुकूमनामा हे दोन वेगळे कागद आहेत. बरेच जण पहिला घेऊन येतात आणि अंमलबजावणी होते दुसऱ्याची. आदेश २१ नियम ११ मध्ये जो तक्ता आहे (दाव्याचा क्रमांक, पक्षकार, अपिलं, आधीच्या दरखास्ती आणि त्यांचं काय झालं, मिळालेल्या रकमा), त्यात २०१८ ची दरखास्त आणि यूपीआयने आलेले पैसे दोन्ही प्रामाणिकपणे लिहा. लपवलेलं समोरच्याने दाखवलं की दोन तारखा त्यातच जातात.

पुण्याच्या भावाची सही लागत नाही. आदेश २१ नियम १५ प्रमाणे एक हुकूमनामाधारक सगळ्यांच्या वतीने आणि सगळ्यांच्या फायद्यासाठी दरखास्त टाकू शकतो. तुम्ही बाबांच्या वारस म्हणून याल, म्हणून मृत्यूचा दाखला, वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र आणि तिघांची नावं लागलेली आखीव पत्रिका (मिळकतीचा सरकारी उतारा) जोडा. ताब्यापुरता वारसा दाखला लागत नाही. हुकूमनाम्यात थकीत भाड्याची रक्कमही असेल तर ती वसूल करताना तो मागितला जातो. म्हणून वेळ घालवायचा नसेल तर आधी फक्त ताबा मागा.

मिळकतीच्या वर्णनात हमखास घोळ होतो. १९९८ च्या दाव्यात महानगरपालिकेचा तेव्हाचा घर क्रमांक आणि वॉर्ड आहे, आज गांधीबाग झोनच्या कर-पावतीवर वेगळाच क्रमांक असेल. बेलीफ वॉरंट घेऊन दारात उभा राहतो, क्रमांक जुळत नाही, 'मिळकतीची ओळख पटली नाही' असा शेरा मारून परत जातो, आणि चार महिने गेले. जुना क्रमांक, नवा क्रमांक, नगर भूमापन क्रमांक आणि चारी बाजूंच्या चतुःसीमा एकत्र लिहा. कच्चा नकाशा जोडा: गाळ्याची रुंदी-खोली फुटात, दोन खोल्या, मधली पडवी, न्हाणी, संडास, जिन्याखालची जागा, आणि हुकूमनाम्यातला भाग लाल पेन्सिलीने रंगवलेला. जिन्याखालची बोळ नकाशात नसली, की सगळं सामान तिथे रचून 'ही जागा हुकूमनाम्यात नाही' असं सांगितलं जातं. टिनाचं शेड दावा चालू असताना किंवा नंतर टाकलेलं असेल तर ते काढून ताबा द्यावा अशी मागणी याच अर्जात करा, नंतर सुचली असं करू नका.

मग नोटीस. हुकूमनाम्याला दोन वर्षांहून जास्त काळ झाला आणि ज्यांच्याविरुद्ध अंमलबजावणी करायची ते मूळ भाडेकरूचे वारस आहेत, या दोन्ही कारणांनी आदेश २१ नियम २२ ची नोटीस लागणारच. ती चुकवू नका, तिच्याशिवाय घेतलेला ताबा उलटवला जाऊ शकतो. सगळ्या वारसांची नावं टाका, लग्न होऊन गेलेल्या बहिणींचीसुद्धा. एखादी राहून गेली तर तीच शेवटच्या दिवशी अर्ज घेऊन उभी राहते. नोटीस बेलीफमार्फत आणि स्पीड पोस्टाने दोन्हीकडून काढा. 'दार बंद', 'गावाला गेले' असे शेरे दोनदा आले की दारावर चिकटवून बजावणीचा अर्ज द्या, पाच-सहा वेळा वाट पाहू नका. मोबाइलवाल्याला दुकानाच्या नावाने नाही, माणसाच्या नावाने सामील करा. दावा चालू असताना किंवा हुकूमनाम्यानंतर मुलांनी बसवला असेल तर त्याला मुलांहून जास्त हक्क नाही. फक्त तो केव्हा आला याचा पुरावा हवा: दुकान परवाना, वीजबिल, पाटीचा जुना फोटो.

कारवाईची तारीख मागताना नागपूरचं पंचांग बघा. पोलीस बंदोबस्ताशिवाय बेलीफ कुलूप तोडणार नाही, आणि डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू असताना बंदोबस्ताला माणसं मिळत नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक, मग गणपती, पुढे दसऱ्याला दीक्षाभूमी. मे महिन्यात न्यायालयांना उन्हाळी सुट्टी, आणि तेव्हाच्या उन्हात कोणाचं सामान रस्त्यावर काढणं बघवतही नाही. जानेवारीचा दुसरा आठवडा ते मार्चअखेर हा काळ बरा. पोलीस मदतीचा आदेश वॉरंटबरोबरच मागा, त्यात महिला पोलीस आणि कुलूप तोडण्याची मुभा स्पष्ट लिहून घ्या, आणि प्रत पोलीस ठाण्यात आठ-दहा दिवस आधी देऊन पोच घ्या. बेलीफाचा भत्ता आणि बंदोबस्ताचं शुल्क भरल्याच्या पावत्या न्यायालयाच्या नाझर शाखेत (बेलीफांचं काम बघणारी शाखा) दाखवाव्या लागतात. वॉरंटला परतीची तारीख असते. ती उलटली की नवं वॉरंट.

त्या दिवशी सकाळीच निघा. दोन पंच (नातेवाईक नकोत), चाबीवाला, चार मजूर, एक टेम्पो, खोकी, सुतळी, मोजपट्टी, नवीन कुलपं तीन-चार, व्हिडिओ काढणारा एक माणूस. हुकूमनामा जागेचा आहे, सामानाचा नाही. सामान तुमचं होत नाही आणि तुम्ही त्याला हातही लावायचा नाही. बेलीफ खोलीवार यादी करतो: लोखंडी पलंग एक, गोदरेज कपाट बंद, शिलाई मशीन, आणि असंच पुढे. मुलगे हजर असतील तर यादीवर त्यांची सही घेऊन सामान त्यांच्या हवाली. नसतील तर न्यायालयाने सांगितलेल्या माणसाच्या सुपुर्दनाम्यावर. देव्हारा, औषधं, मुलांची दप्तरं, गॅस सिलिंडर आधी काढून हातात द्यायला सांगा. बाचाबाची बहुतेक इथूनच सुरू होते. मोबाइलवाल्याकडे गिऱ्हाइकांचे फोन असतात. त्यांची वेगळी, आयएमईआय क्रमांकासकट यादी झाली नाही तर महिनाभराने चोरीची तक्रार तुमच्यावर येते. महावितरणच्या मीटरचा आकड्यासकट फोटो काढा. शेवटी प्रत्येक खोली रिकामी बघून, तुमची कुलपं लावून, कब्जा पावतीवर बेलीफ, पंच आणि तुमची सही. पावतीत 'संपूर्ण मिळकत' लिहिलंय की 'गाळा वगळून', हे सही करण्याआधी वाचा.

त्या रात्रीपासून तिथे कोणीतरी झोपायला ठेवा. पुन्हा कुलूप तोडून घुसले तर लगेच पोलीस ठाणे आणि न्यायालय, दोन्हीकडे अर्ज.

अडथळा आला तर दोन प्रकार वेगळे ठेवा. मुलगे किंवा त्यांच्या घरची माणसं आडवी झाली, तर ते हुकूमनाम्याने बांधलेले आहेत. अडवणूक चालूच ठेवणाऱ्याला न्यायालय तीस दिवसांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवू शकतं. कोणी तिऱ्हाईत स्वतःचा हक्क सांगत उभा राहिला, तर बेलीफाचा अडथळ्याचा अहवाल घ्या आणि आदेश २१ नियम ९७ चा अर्ज टाका, अडथळ्याच्या तारखेपासून तीस दिवसांच्या आत. त्याचा हक्क आहे की नाही हे त्याच अर्जात ठरतं, वेगळा दावा लागत नाही. इथे वकील सुट्टीवर असण्याची चैन परवडत नाही.

स्थगिती टाळायला दरखास्तीच्या आधीच कॅव्हेट ('आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका' अशी सूचना) टाका: दिवाणी, जिल्हा आणि उच्च न्यायालयात. ती नव्वद दिवस चालते, मग नवी. तरीही स्थगिती मिळालीच, तर बाजारभावाने भरपाई जमा करण्याची अट मागा. आत्माराम प्रॉपर्टीज (२००५) आणि महाराष्ट्राच्या कायद्यासंदर्भातला सुपर मॅक्स (२००९) हे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्यासाठीच आहेत. तारीख-पे-तारीख चालली, तर दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी असं सर्वोच्च न्यायालयाने राहुल शहा प्रकरणात २०२१ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये पेरियम्मल प्रकरणात त्यावर पुन्हा बोट ठेवलं. लवकरच्या तारखेच्या अर्जाला दोन्ही जोडा.

यूपीआयच्या पैशांबद्दल. नुसते पैसे घेतल्याने नवं भाडं सुरू होत नाही, पण 'जानेवारीचं भाडं मिळालं, धन्यवाद' असा तुमचा व्हॉट्सॲप संदेश समोरच्याला फार उपयोगी पडेल. यापुढे पावती द्यायची ती 'हुकूमनाम्यानंतरच्या वापराची भरपाई, अंमलबजावणीचा हक्क राखून' अशी. कंटाळून पाणी किंवा वीज मात्र बंद करू नका. नव्या कायद्याच्या कलम २९ ने अत्यावश्यक सेवा तोडायला बंदी आहे, आणि त्या एका दिवसाच्या रागावर समोरच्याला वर्षभराचं काम मिळतं. 'तुमच्या बाबांनी तोंडी पाच वर्षं दिली होती' असं ऐकवलं तर वाद घालू नका. न्यायालयाबाहेरचा समझोता न्यायालयात नोंदवलेला नसेल तर दरखास्तीत तो धरला जात नाही, आणि भाडेकरूला तो नोंदवून घ्यायला तीसच दिवस असतात.

त्यांनी वेळ मागितला तर आमचं मत द्यावं असं आहे. चार महिने दिले तरी दरखास्त लढवण्यापेक्षा लवकर जागा मिळते. पण पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर घरी बसून केलेला करार नको. त्याच दरखास्तीत हमीपत्र घ्या, त्यावर दोन्ही मुलं, त्यांच्या बायका आणि मोबाइलवाला, सगळ्यांच्या सह्या. अमुक तारखेला रिकामं करतो, तोवर दरमहा इतके भरतो, आणखी कोणाला बसवणार नाही, शेड आम्हीच काढतो. दरखास्त निकाली काढायची नाही, तेवढ्या तारखेपर्यंत फक्त थांबवून ठेवायची.